हुबेहूब गंज

भाऊबीज उलटली की आमच्या भंडाऱ्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, परवा नाल्यापलीकडची. धान कापून झालेलं असतं. कुठे शेतात कापलेल्या लोंब्यांच्या कडपा वाळत पडलेल्या असतात, कुठे भारे बांधून खळ्यावर रचलेले असतात आणि वर्षातून पहिल्यांदा माणसाला मान वर करून बघायला जरा फुरसत मिळते. त्या फुरसतीत प्रत्येक गाव आपापला दिवस धरून पाहुणे बोलावतं. दुपारभर मैदानात दुकानं, दंडारीचा नाच, शिंगाडे, जिलेबी. अंधार पडला की नाटक. मंडईला ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याचं काही खरं नाही, असं आमच्याकडे समजतात.

यंदाही आमच्या गावची मंडई झाली. गाव तुमसर तालुक्यात, आंबागडच्या किल्ल्याच्या अंगाला. मी तुमसरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, पण मंडईला गावी नाही गेलो तर आई महिनाभर फोनवर नुसतं ‘हं’ म्हणते. तेव्हा बायकोला, वैशालीला, घेऊन गेलो. मैदानात शिरलो आणि माझे पाय आपोआप खेळण्यांच्या दुकानाकडे वळले. ताडपत्रीवर प्लास्टिकच्या गाड्यांचा ढीग. मी एक ट्रक उचलला, उलटा केला, खालचे स्क्रू पाहिले, चाकं फिरवली, बोनेटवर नख ओढून पाहिलं. दुकानवाल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, “किती वर्षांचा आहे जी पोरगा?”

“बेचाळीस,” वैशाली म्हणाली.

बाईंना काही कळलं नाही. हे दरवर्षीचं आहे. मी गाडी उचलतो, उलटीपालटी करतो, मनातल्या मनात तिचे बंपर कापतो, तिला जाळी बसवतो, गंज चढवतो आणि बहुतेक वेळा परत ढिगात ठेवतो. यंदाही ठेवली. चार-पाच वर्षांपूर्वीची ती मंडई मध्ये येते.

माझं वेड काय आहे ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला बरं. स्वस्तातल्या खेळण्यातल्या गाड्या आणून मी त्यांची वाट लावतो. म्हणजे त्या जग संपल्यानंतरच्या जगात वापरून वापरून मोडकळीला आल्यासारख्या करतो. टेबलावर खेळायचं एक युद्ध असतं. दोन टोळ्या, दोघांकडे अशाच रडतखडत चालणाऱ्या गाड्या. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं आणि उरल्यासुरल्या डिझेलच्या एका टाकीसाठी एकमेकांच्या जिवावर उठायचं. माझा प्रतिस्पर्धी मंगेश. तुमसरात त्याचं औषधांचं दुकान आहे. अख्ख्या तालुक्यात हे वेड आम्हा दोघांनाच, तिसरा अजून सापडलेला नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या हौसेला मोल नाही आणि गिऱ्हाईकही नाही.

काम मात्र मन लावून करावं लागतं. नवी गाडी आधी साबणानं धुवायची, कारण तिच्या अंगावर कारखान्याचा तेलकटपणा असतो, त्यावर रंग धरत नाही. मग सगळ्या अंगाला राखाडी हात, त्यावर तपकिरी. तो वाळला की जागोजागी ओलं करून जाड मीठ चिकटवायचं आणि वरून गाडीचा मूळ रंग मारायचा, लाल म्हणा, पिवळा म्हणा. सुकल्यावर अंगठ्यानं मीठ चोळून काढलं की पोपडे उडाल्यासारखा रंग निघतो आणि खालचा तपकिरी डोकावतो. भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा गडद रंगात बुडवून कडांवर टिपायचा. चाकांना विटेची भुकटी. राइस मिलमधली कोंड्याची राख डिंकाच्या पाण्यात कालवून खालच्या बाजूला. खिडक्यांना चहाच्या गाळणीची जाळी, आणि मंगेशच्या दुकानातली औषधांच्या बाटल्यांची झाकणं म्हणजे आमचे डिझेलचे पिंप. आणि गंज कुठेही लावून चालत नाही. पाणी जिथे थांबतं तिथेच तो येतो. दाराच्या खालच्या कडेला, पत्र्याच्या जोडावर, बोल्टच्या भोवती. वर्गात मी मुलांना लोखंड, पाणी आणि हवा यांची गोष्ट फळ्यावर लिहून देतो. गंज खरा बघायला मी शिकलो तो या खेळण्यांमुळे.

तुमसरच्या आमच्या दोन खोल्यांत हे चालत नाही. रंगाच्या वासानं वैशालीचं डोकं दुखतं आणि एकदा मी तिची गाळणी कापली ती तिनं अजून माफ केलेली नाही. म्हणून माझा कारखाना गावच्या घराच्या छपरीत. रविवार आणि सुट्ट्या तिथे. समोर आवार, आवारात चिंच आणि चिंचेखाली बाबांची मेटाडोर.

बाबांनी ती उभ्या जन्मात किती चालवली ते तेच जाणोत. वर्षभर ती मिलचं धान वाहायची, पण मंडईचे दिवस आले की ती नाटकवाल्यांची व्हायची. पडदे, फळ्या, बांबू, कपड्यांच्या पेट्या, पायपेटी, तबला, वर बसलेले राजे आणि प्रधान. सगळं घेऊन बाबा या मंडईतून त्या मंडईत फिरायचे. आमच्या झाडीपट्टीत नाटकाला मरण नाही, आणि नाटकवाल्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला त्या दिवसांत पुढाऱ्यापेक्षा जास्त मान. गंमत म्हणजे बाबांनी एकही नाटक समोरून पाहिलेलं नाही. गाडी कायम स्टेजच्या मागे लावलेली, त्यामुळे त्यांना सगळी नाटकं पाठमोरी पाठ आहेत. कोणता राजा आत आला की आधी पाणी मागतो, कोणती नायिका रडून आत आली की खारे दाणे खाते, हे ते अजून सांगतात.

मग गुडघे गेले, इंजिन जाम झालं, नाटकवाल्यांनी मोठा ट्रक लावला आणि मेटाडोर चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच. टायर बसले तेव्हा बाबांनी खाली विटा लावल्या. भंगारवाला रस्त्यानं ओरडत गेला की शेजारचे गुलाबकाका मुद्दाम विचारायचे, “का गा, देतेस का?” बाबा म्हणायचे, “आधी तुह्या बापाले काट्यावर ठेव.” काकांचे वडील नव्वदीत होते आणि बाजेवर बसून हे ऐकत हसायचे.

दरवर्षी दसऱ्याला बाबा ती गाडी धुवायचे. बादलीवर बादली ओतून, वरून खालपर्यंत. मग पुसून, कुंकू लावून, झेंडूचा हार घालून नारळ फोडायचे. आणि दरवर्षी म्हणायचे, “यंदा धान निघालं का इंजन बांधून घेतो. एका मंडईले पडदे नेले पाहिजे. एकच खेप.” आम्ही सगळे ‘हो’ म्हणायचो. पण त्या मंडईच्या वर्षी ते नुसतं बोलले नव्हते. तुमसरच्या मिस्त्रीला त्यांनी घरी आणून इंजिन दाखवलं होतं आणि मिस्त्री ‘होऊन जाईन’ म्हणून गेला होता. नाटकवाल्यांच्या मॅनेजरशीही त्यांचं बोलणं झालं होतं. पंचाहत्तरीच्या माणसाचा चेहरा एखाद्या बातमीनं किती बदलतो ते मी त्या पावसाळ्याच्या शेवटी पाहिलं. दाढी रोज होऊ लागली.

त्या दसऱ्याला माझ्या तीन गाड्या छपरीत तयार होत्या. एक जीप, एक पाण्याचा टँकर आणि एक पुढं नांगरासारखं पातं लावलेला ट्रॅक्टर. दुपारी मंगेश खेळायला येणार होता. मी सकाळी सोनं वाटायला गावात गेलो. परत आलो तेव्हा आवारात पूजा मांडलेली होती. विळे, कुऱ्हाड, कुदळ, पाण्याची मोटर, आईचा मिक्सर, आणि त्यांच्या शेजारी, ओळीनं, लख्ख चमकणारी माझी जीप, माझा टँकर आणि माझा ट्रॅक्टर. प्रत्येकाच्या नाकावर कुंकवाचं बोट, टपावर झेंडूचं एकेक फूल. महिन्याभराचा गंज नारळाच्या काथीनं आणि साबणाच्या चुऱ्यानं घासून साफ.

“दसऱ्याच्या दिवशी गाडी अशी ठेवतेत का रे?” बाबा म्हणाले. “केवढा मळ होता! जाळ्या निघाल्या, त्या पण धुवून ठेवल्या, पाय तिथं.” त्यांनी बोटानं दाखवलं.

मी डोक्यावर हात मारला. मग त्या टपावरच्या फुलांकडे पाहिलं आणि मला जे हसू आलं ते आवरेना. दुपारी मंगेश आला. गाड्या पाहून म्हणाला, “सर, तुमचं सैन्य तर शोरूममधून निघाल्यासारखं दिसून राहिलं.” बाबांना वाटलं, तारीफ आहे.

तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना खेळ समजावून सांगितला. ते बाजेवर बसून, शाळेच्या इन्स्पेक्टरसारखे गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते.

“म्हणजे जग बुडालं?”

“हो.”

“मंग हे लोक गाड्या कायले पळवून राहिले?”

“डिझेलसाठी. पाण्यासाठी.”

“अन् धान कोन कापते?”

मी मंगेशकडे पाहिलं. आमच्या नियमांत धान नव्हतं. “धान नाही बाबा,” मी म्हणालो.

“मंडई?”

“मंडई कुठची? जग संपलं ना.”

“जग संपलं, पन मानसं आहेत म्हणतेस ना तू?” बाबा म्हणाले. “मानसं आहेत त मंडई होईनच. मंडई झाली त नाटक होईन. मंग पडदे कोन नेईन?”

मंगेशनं हात जोडले. “काका बरोबर बोलून राहिले, सर.” आणि तिथल्या तिथे त्यानं नियम केला: नाटकाची एक गाडी राहील, तिच्यावर बंदूक नसेल आणि तिच्यावर कोणतीही टोळी गोळी झाडणार नाही. ती टेबलावरून कुठूनही कुठेही जाऊ शकेल. पुढे आम्ही कितीतरी नियम मोडले, हा कधी मोडला नाही.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि आम्ही कामाला बसलो. ‘आम्ही’ हे मी मुद्दाम लिहितो आहे. खेळण्यातला छोटा ट्रक बाबांनीच आठवडी बाजारातून आणला, घासाघीस करून. मी छपरीत पाटावर, ते बाजेवर, समोर चिंचेखाली खरी गाडी आणि माझ्या मांडीवर खोटी. ऊन उतरायला लागलं की खळ्याकडून धानाचा कोरडा, किंचित गोड वास यायचा. आई मधूनच तांदळाच्या पापड्या आणून ठेवायची आणि माझ्या रंगाच्या हातांकडे बघून त्या बाबांच्या बाजूला सरकवायची.

बाबा मला गाडी सांगत होते. उजव्या दिव्यावरचा पोचा नाल्यातल्या दगडाचा. त्या दिवशी राजाची खुर्ची वाहून गेली आणि रात्री राजा तेलाच्या डब्यावर बसला. मागच्या फाळक्याची कडी तुटली ती एका नायिकेच्या ट्रंकेनं. ट्रंकेत काय होतं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. डाव्या दाराला तार बांधलेली, कारण ते दार एका वळणावर उघडलं आणि तबलजी धानाच्या बांधीत पडला, तबला छातीशी धरून. “तबल्याले खरोच नाही आला,” बाबा म्हणाले. “तबलजीचा हात मोडला.” ते सांगत जायचे आणि मी गरम सळईनं प्लास्टिक दाबून एकेक पोचा उमटवत जायचो. आईनं पडद्यासाठी फाटक्या लुगड्याचा लाल काठ कापून दिला. बाबांनी त्याची बोटभर गुंडाळी केली आणि टपावर दोऱ्यानं बांधली. ड्रायव्हर लोक ताडपत्री बांधताना मारतात तशी गाठ त्यांनी त्या एवढ्याशा दोऱ्याला मारली. आई मला आतल्या खोलीत बोलावून म्हणाली, “इतकं त ते लग्न झाल्यापासून माह्यासंगं बोलले नाहीत.”

माझे आणि बाबांचे तसे सूर कधी फार जुळले नाहीत. भांडण नाही, पण बोलायला विषय नसायचा. पाऊस झाला का, धान कसं आहे, गुडघा कसा आहे, संपलं. त्या दिवाळीत मला वडील मिळाले असं म्हटलं तर जास्त होणार नाही.

पोचे झाले, तार झाली, पडदा झाला. राहिला गंज. त्याबद्दल बाबा काही बोलले नव्हते. एका सकाळी ते न्हाव्याकडे गेले असताना मी फोन घेऊन चिंचेखाली गेलो आणि गाडीखाली पाठीवर सरकलो.

खरं सांगतो, मला आनंद झाला. असा गंज मी जन्मात पाहिला नव्हता. वरून गाडी धुतलेली, पुसलेली. आणि खालून काहीच उरलं नव्हतं. मागच्या तळाच्या पत्र्याचा पापड झालेला, बोट लावलं तर चुरा पडत होता. आडवे बार थरांथरांनी सुटलेले. कुठे नारिंगी, कुठे जांभळासारखा काळा, कुठे रंगाला फोड येऊन फुटलेले. एका जागी तर पत्र्यातून चिंचेचा पाला दिसत होता. दरवर्षी ओतलेल्या बादल्यांचं पाणी झिरपून तिथेच थांबत असणार, हेही मला दिसलं. रसायनशास्त्राच्या मास्तराला ते दिसायलाच हवं होतं. पण मी त्या घडीला ना मास्तर होतो ना मुलगा. मी नुसता रंगवणारा होतो आणि मला खजिना सापडला होता. मी फोटो काढत सुटलो.

पुढचे काही दिवस मी गाठोडं उघडल्यासारखा तो गंज उलगडत बसलो. फोटो समोर ठेवायचा, एकेक डाग बघायचा, तसाच्या तसा उतरवायचा. तळ कानशीनं घासून पातळ केला, सुईनं भोकं पाडली. बाबा विचारायचे, “झाली का?” मी म्हणायचो, “थांबा, पुरी झाल्याशिवाय दाखवणार नाही.”

मंडईच्या सकाळी ती त्यांच्या हातात दिली. घरात पाहुणे होते, आई वड्यांचं पीठ भिजवत होती, वैशाली चहा गाळत होती. बाबा उन्हात बसले होते, नवं धोतर, डोक्याला तेल. त्यांनी गाडी दोन्ही हातांनी घेतली. दिव्यावरचा पोचा पाहून हसले. दाराची तार पाहून पाहुण्यांना तबलजीची गोष्ट सांगितली. मग त्यांनी गाडी उलटी केली.

अंगठ्यानं तळ चाचपत राहिले.

“खालून इतकं सडलं आहे?”

“हुबेहूब आहे बाबा,” मी म्हणालो. “खाली झोपून फोटो काढले ना मी.” आणि मोठ्या हौसेनं फोन काढून त्यांना एकेक फोटो दाखवायला लागलो. त्यांचे गुडघे वाकत नव्हते त्याला कितीतरी वर्षं झाली होती. गाडीखाली ते डोकावूच शकत नव्हते, हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

“हा मोठा करून दाखव,” ते म्हणाले. मी केला. पत्र्यातून चिंचेचा पाला दिसत होता तो फोटो. त्यांनी तो फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि माझ्याकडे परत दिला.

“हो,” ते म्हणाले. “हुबेहूबच आहे.”

दिवसभर ती गाडी पाहुण्यांच्या हातांतून फिरली. ज्यानं त्यानं वाखाणली. बाबा सगळ्यांना सांगत होते, “माह्या पोरानं केली.” अभिमानानंच सांगत होते, त्यात काही कमी नव्हतं. फक्त नाटकवाल्यांचा मॅनेजर भेटायला आला तेव्हा ते त्याला घेऊन आवाराच्या कोपऱ्यात गेले, थोडं बोलले आणि एकटेच परत आले. मला वाटलं, खेपेचा दिवस ठरला.

पुढच्या रविवारी मी गेलो तर चिंचेखाली काही नव्हतं. चार विटांचे ढीग आणि मधे पिवळ्या पडलेल्या गवताची चौकट. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा घरातून रस्ता सरळ दिसत होता. आईनं सांगितलं, बाबांनी स्वतः फोन करून भंगारवाल्याला बोलावलं. ओढून न्यायला गेले तर मागचा भाग जागीच बसला, मग गॅसनं कापावी लागली. बाबा सगळा वेळ खुर्ची टाकून समोर बसले होते. एकदाच बोलले म्हणे. पुढची काच काढत होते तेव्हा, “आस्ते, बापा, आस्ते.”

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. “काहून विकली, बाबा? मले सांगायचं तरी.”

“तूच त सांगितलं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“मी कुठं सांगितलं?”

“मी आपला वरून धूत होतो दरवर्षी. मले वाटे, इंजन बांधलं का झालं, चालते गाडी. खालून कधी पायलंच नाही. मिस्त्रीनं पन इंजनच पायलं. तू दाखवलं म्हणून दिसलं.” मग म्हणाले, “तशा गाडीत कोनाच्या लेकराले बसवू?”

त्यांचं बरोबर होतं. ती गाडी रस्त्यावर आली असती तर पहिल्याच खड्ड्यात दोन तुकडे झाली असती. गावातल्या सगळ्यांनी मला हेच सांगितलं, बाबांना मामाजी म्हणणाऱ्या वैशालीनंही सांगितलं. “बरं झालं, तुम्हाला वेळेवर दिसलं. मामाजी हट्टानं घेऊन निघाले असते म्हणजे?” आवार मोकळं झालं, आईला मिरच्या वाळवायला जागा झाली, गुलाबकाकांना चिडवायला काही उरलं नाही. सगळं चांगलंच झालं. आणि तरी दसरा जवळ आला की मला वाटतं, एक खेप राहू दिली असती तर? खरी नव्हे. मनातली. मिस्त्री पुढच्या वर्षीही ‘होऊन जाईन’ म्हणाला असता, मॅनेजरनं पुढच्या वर्षीही मान हलवली असती, बाबांनी रोज दाढी केली असती. आमच्याकडची पुष्कळ माणसं अशीच जगतात. यंदा नाही तर पुढच्या मंडईला.

बाबांनी मला पोचे सांगितले, तार सांगितली, तबलजी सांगितला. गंज सांगितला नाही. एखाद्या समजदार माणसानं जेवढं सांगितलं तेवढंच रंगवलं असतं. मला हुबेहूब हवं होतं. ज्याला पडझडीत राहायचं नसतं त्याला ती फार देखणी दिसते. आमच्या टेबलावर जग आधीच संपलेलं असतं, तिथे गंज म्हणजे दागिना. चिंचेखालचं जग संपलेलं नव्हतं, एवढा साधा फरक मला मीठ चोळताना कळला नाही.

मंगेश आणि मी अजून खेळतो, पण कमी. तो दरवेळी विचारतो, नाटकाची गाडी कुठे? ती बाबांच्या टीव्हीशेजारी फळीवर असते. मी ती परत मागितली नाही. दसऱ्याला बाबा आता विळे, कुदळ आणि मोटर पुसतात, पूजा लवकर आटोपते. फळीवरच्या गाडीला ते हार घालत नाहीत, साबण तर नाहीच नाही. फक्त आलागेला माणूस बसला की ती खाली काढतात आणि म्हणतात, “अशी होती माही गाडी.”

अशी होती. मी हे वाक्य यंदा मंडईच्या दिवशी पुन्हा ऐकलं. एका नव्या जावयाला ते दाखवत होते. जावई म्हणाला, “बापरे, खूपच खराब झालती का जी?” आणि बाबा म्हणाले, “हो न बापा.”

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी त्यांना म्हणालो, “बाबा, दुसरी करून देऊ का? नवी. तुम्ही आणली तेव्हा होती तशी.”

त्यांचे डोळे चमकले. “कर न. चांगली चमकदार कर.”

“रंग कोणता होता तेव्हा? आठवते?”

“आठवते म्हणजे! निळा.” त्यांनी ती जुनीच घेतली होती, पांढरी, आणि तुमसरच्या एका पेंटरच्या डोक्यावर उभं राहून त्याच्याकडून आपल्या पसंतीचा निळा कालवून घेतला होता. त्यामुळे तसली दुसरी गाडी कुठे नव्हती. तेव्हाचा रंगीत फोटो एकही नाही. “निळा,” ते पुन्हा म्हणाले. “आकाशी नाही. शाईसारखा पन नाही.” त्यांनी डोळे मिटले. मी वाट पाहत राहिलो. आई आतून म्हणाली, “हिरवट होता जरासा.” “चूप, हिरवट म्हणे,” बाबा म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. मग उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला नीट बघवलं नाही. पस्तीस-चाळीस वर्षं जो रंग त्यांनी स्वतःच्या हातानं धुतला, तो त्यांना सापडत नव्हता.

ते उठले, भिंतीला धरत फळीपाशी गेले, गाडी काढून आणली आणि चष्मा लावून तिच्या अंगावर बोट फिरवू लागले. दाराच्या वर, गंजाच्या दोन डागांमधे, नखाएवढा निळा राहिला होता. त्यावर त्यांचं बोट थांबलं.

“हा पाय,” ते म्हणाले. “हाच. अगदी हाच होता.”

खऱ्या गाडीचा निळा ऊन खाऊन खाऊन केव्हाच पांढुरका झाला होता. मूळचा कसा होता ते त्या दिवाळीत मलाही कळलं नव्हतं, आणि फोटोंत मी गंज सोडून दुसरं काही पाहतही नव्हतो. बाटल्यांच्या तळाशी उरलेले दोन निळे घेतले, चिमूटभर पांढरा घातला आणि अंदाजानं लावून टाकला होता.

बाबा बोट न उचलता माझ्याकडे बघत होते.

“हो बाबा,” मी म्हणालो. “हाच होता.”